न टेकलेलं बोट

दमयंती हकीमसाहेबांच्या बैठकीत शिरली तेव्हा मुरक्क्याची, त्यांच्या जुन्या चित्रसंग्रहाची, शिवण उसवलेली होती. पलंगावर पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर चित्रांच्या तीन थप्प्या होत्या. मोठी पानं खाली, लहान पानं वर, रद्दीवाला लावतो तशा. तिसरी थप्पी पहिल्या दोन्हींच्या निम्मी होती. रिकामा चामडी पुठ्ठा भिंतीला टेकून उभा होता. चपला तिने दाराशीच काढल्या होत्या, आणि त्या थप्प्या दिसल्याबरोबर तिला पायाखालची फरशी एकदम गार लागली. कित्येक वर्षं दर रविवारी ती याच फरशीवरून चालत आली होती, अशाच जानेवारीतल्या थंडीतही, पण ती गार असते हे कधी लक्षात आलं नव्हतं. "या, मास्तरीणबाई," नसीर म्हणाला. हकीमसाहेबांचा हा थोरला मुलगा हैदराबादेत नोकरीला होता. वडील गेल्यानंतर आता कुठे त्याला वाटण्या करायला सवड मिळाली होती. "तुमचीच वाट बघत होतो. ही माझी पानं, ही धाकट्या जलालची, कराचीला जाणारी, ही रुकय्याची. बहिणीला निम्मं, शरीयतीप्रमाणे. तुम्ही फक्त एक नजर टाका. कुणावर अन्याय नको." दमयंतीने विचारलं, "शिवण कुणी उसवली?" "मी. सकाळी, ब्लेडने," तो म्हणाला. "का? काही बिघडलं का?"

काय बिघडलं हे तिला सांगता येईना. मुरक्का म्हणजे तरी काय, कुणीतरी कधीतरी गोळा केलेली सुटी चित्रं, जाड कागदावर डकवून एकत्र शिवलेली. ती मुळात सुटीच होती, पुन्हा सुटी झाली. पण तिला एवढंच आठवत राहिलं की बारा-तेरा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर पहिल्यांदा या घरी आली, तेव्हा हकीमसाहेबांनी अत्तराचे हात आधी साबणाने धुतले होते, मग पुठ्ठा उघडला होता. तिचे वडील, नृसिंह मास्तर, शाळेत फारसी शिकवायचे. फारसी घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली, शेवटी वर्गात बाकांपेक्षा उजेडच जास्त असायचा, आणि मास्तर रविवारी झेंडीगेटच्या या घरी येऊन चित्रांवरच्या ओळी हकीमसाहेबांना वाचून दाखवायचे. हकीमसाहेबांना ती अक्षरं येत होती, पण मास्तरांच्या तोंडून ऐकायला आवडायची. दोघं ओळींवरून वाद घालत बसले की दमयंती चित्रं बघत बसे. शब्दांशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला दिसायचा तो हौदाच्या कडेचा गुलाबी दगड, झाडाच्या बुंध्याला बांधलेला घोडा, आणि कोपऱ्यात उभा राहून ओठावर बोट ठेवलेला कुणीतरी. "ही हैरत," हकीमसाहेब सांगायचे. "माणूस अचंब्यात पडला, की बोट तोंडाशी नेतो. इराणच्या चित्रात असा एक माणूस असायचाच. तुमच्या तमाशात सोंगाड्या असतो ना, तसा." मास्तर हसायचे. तेव्हाच कधीतरी, कुठल्या रविवारी ते आता सांगता यायचं नाही, तिला दिसलं की एका पानात ते बोट ओठाला टेकलेलं नाही.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण पुढच्या रविवारी तिने बाकीच्या पानांत शोधलं, आणि सगळ्या पानांत बोटं टेकलेली होती, नीट, आज्ञाधारक मुलांसारखी. मग आणखी एका पानात पुन्हा ती केसाएवढी फट. मग तिसऱ्या पानात. मास्तर वारले, ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागली, लग्नाच्या बोलण्यांतून दोनदा नाव पुढे गेलं नि मागे आलं, लढाई सुरू झाली, भिंगारच्या रस्त्यावरून रणगाडे गेले, किल्ल्याभोवती पहारे वाढले, आणि ती रविवारी येत राहिली. हकीमसाहेब औषधांच्या बाटल्या बाजूला सारून तिला पलंगावर जागा करून देत. अखेरीस सहा पानं निघाली. सहाही पानांत त्या अचंबित माणसाचं बोट ओठाच्या अलीकडे थांबलेलं, आणि सहाही पानांत कान तसाच, आतली रेघ फारसीतल्या ऐन या अक्षराच्या डोक्यासारखी वळलेली. बाकीचे चितारी कान उरकून टाकायचे. हा मात्र कानापाशी थांबायचा. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, कुठल्या बादशहाच्या पदरी होता की बाजारात बसून पोटासाठी काढायचा हेही माहीत नव्हतं. पण तो होता. चालणाऱ्या माणसाची पाठ गर्दीत ओळखू यावी तसा तिला तो ओळखू यायचा, आणि तो ओळखू आला की तिच्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं, जे शाळेत, घरी, सणावारी कुठेच होत नसे.

गोम अशी होती की त्या सहांतल्या एका पानाखाली नाव होतं. बागेत बसलेला शहजादा, आणि खाली बारीक अक्षरात 'अमल-ए-बिहजाद', म्हणजे बिहजादच्या हातचं काम. इराणी चित्रकारांतलं सगळ्यांत मोठं नाव. या एका पानामुळे त्या घराला मान होता. कलेक्टरसाहेब येऊन ते पाहून गेले होते. आज तेच पान तिन्ही थप्प्यांतून वेगळं काढून उशीवर ठेवलेलं होतं. "ते मुंबईला जाणार," नसीर म्हणाला. "तिथल्या एका संग्राहकासाठी रंगनाथराव तेलंग स्वतः थोड्याच वेळात बघायला येताहेत. नाव ऐकलं असेल तुम्ही." दमयंतीने नाव ऐकलं होतं. वर्तमानपत्रांतून चित्रांवरचे त्यांचे लेख ती वाचायची आणि त्यांच्याशी मनातल्या मनात बोलायची. तिला एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याला दाखवावं असा कुणी भेटला नव्हता, तो आपल्या पायांनी येत होता. ती नसीरला म्हणाली, "ते येईपर्यंत वाटण्या थांबवा. मला त्यांना काही दाखवायचं आहे." आणि टांगा करून घरी गेली.

घरी छबूबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. दमयंतीने कपाटातून पातळ कागदांची गुंडाळी काढली, ओट्यावर पसरली. लढाईच्या दिवसांत फोटोची फिल्म मिळत नव्हती आणि पुढे मिळायला लागली तेव्हा हकीमसाहेब आजारी होते. म्हणून तिने चित्रांवर तेलकट कागद ठेवून कान आणि हात उतरवून घेतले होते. छबूबाई हात पुसत डोकावली. "आगं बाई, ह्ये काय, निस्ते कानच कान? बाकीचा मानूस कुठं गेला?" "बाकीचा नाही लागत," दमयंती म्हणाली. "आन् जेवन?" "आल्यावर." "तुमी येता तवर भाकरीचं खापार हुतंय," छबूबाई म्हणाली, पण तोवर दमयंती दारात पोचली होती.

ती बैठकीत परतली त्याच सुमारास तेलंग आले. पन्नाशीचे, उंच, आवाज मऊ. त्यांनी शहजाद्याचं पान उचललं, आधी उलटं करून पाठीमागचा कागद पाहिला, मग खिशातून भिंग काढलं. पडद्यामागे रुकय्या उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या नि थांबल्या. "सुरेख," तेलंग म्हणाले. नसीरने दमयंतीची ओळख करून दिली, म्हणाला, "आमच्या वालिदसाहेबांबरोबर यांनी खूप पाहिलंय." दमयंतीने बोलायला सुरुवात केली. आपण शाळेत बोलतो तशा आवाजात बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, पण तो बदलता येईना. थप्प्यांतून तिने बाकीची पाच पानं काढली, शहजाद्याच्या शेजारी मांडली, कागद त्यांच्यासमोर पसरले. ही सहा पानं एका हाताची आहेत. हा कान बघा. हा बघा. तेलंगांनी कागद उचलले, एकेक करून पाहिले, मनापासून पाहिले, आणि मग हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "बाई, हे सगळे कान एका हाताचे आहेत यात शंका नाही. तुमच्या हाताचे."

ती त्या कागदांकडे बघत राहिली. खरंच होतं. पेन्सिलीने उतरवताना रेघ जाड झाली होती, आणि जाड झालेली रेघ तिची होती. शाळेतल्या फळ्यावर ती जसा कान काढायची तसाच तो निघाला होता. बोटांच्या कागदांवर तर ती फटच बुजलेली होती. इतकी वर्षं तिने जे जपून ठेवलं होतं त्यात तिला हवा तो माणूस नव्हताच, ती स्वतःच होती. "कागद सोडा," ती म्हणाली. "पानं बघा. बोट बघा. ओठाला टेकलेलं नाही." तेलंगांनी भिंग लावलं. एक पान, दुसरं, तिसरं. या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ ते शहजाद्याच्या पानावरून घोडेवाल्याच्या पानावर, आणि पुन्हा परत, असे गेले-आले, आणि दमयंतीला वाटलं की झालं, आता आणखी एका माणसाला तो दिसतोय, या खोलीत, या उजेडात. "हं," तेलंग म्हणाले. "हे मात्र विलक्षण आहे. तुम्ही म्हणता तेच बरोबर असावं. हात एक आहे." आणि नसीर पलंगावरून उठला. "म्हणजे सहाही बिहजादची?"

या प्रश्नाची तिने कधी कल्पनाच केली नव्हती. आपण दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की लोक लहान गोष्ट मोठीत घालून मोकळे होतील, हे तिला सुचायला हवं होतं. शाळेत तरी रोज काय चालतं? तेलंग म्हणाले, "तसं म्हणायला जागा आहे. आणि तसं असेल तर ही सहा पानं फोडू नयेत. मुंबईत एकत्र राहतील, एका काचेखाली." नसीर पडद्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का रुकय्या?" त्याचा चेहरा पहिल्यांदाच वडिलांसारखा दिसला. एकत्र राहतील. दमयंती ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती. काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. सहाही पानं एकाच भिंतीवर राहिली असती, तिने मुंबईला जाऊन पाहिली असती, आणि खाली पितळी पट्टीवर दुसऱ्याचं नाव असतं. कायमचं. जो कानापाशी थांबायचा त्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी शोधून काढलं होतं, ते अशासाठी की त्याची सगळी कमाई उचलून ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याच्या घरी नेऊन ठेवावी. आणि शोधणारी ती. "नाही," ती म्हणाली. आवाज फार मोठा निघाला. "एकही बिहजादचं नाही. सही नंतरची आहे."

पुढे जे झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. तिने शहजाद्याचं पान खिडकीपाशी नेलं. सहीच्या जागी जुना रंग वाळून बारीक तडकलेला होता आणि शाई त्या तड्यांत उतरली होती. रंग म्हातारा झाल्यावर कुणीतरी वर नाव लिहिलं होतं. हे तिला केव्हापासून माहीत होतं, पण हकीमसाहेब हयात असताना तोंडातून काढलं नव्हतं, त्यांना वाईट वाटलं असतं म्हणून. तेलंगांनी पाहिलं. त्यांनाही दिसलं, दिसल्याचं त्यांच्या मानेवरून कळलं. "जुनी सही पुसट झाली म्हणून कुणी पुन्हा गिरवली असेल," ते म्हणाले. "मग खाली जुन्या शाईचा माग असता. आहे का?" "नसेलही. पण एवढ्यावरून नक्की काही म्हणता येणार नाही. तसंच हेही खरं की आता मला हे बिहजादचंच असं पत्र देता येणार नाही." त्यांनी भिंग मिटलं. "तुमचा हा अनामिक, बाई. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याला काहीतरी नाव लागेल, गाव लागेल, साल लागेल. नुसत्या बोटावर माणूस उभा राहत नाही." "सहा पानांवर राहतो," ती म्हणाली. तेलंग म्हणाले, "तुमच्यापुरता," आणि खरोखरच सहानुभूतीने म्हणाले. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती.

ते गेल्यावर नसीरने शहजाद्याचं पान उचललं आणि आपल्या थप्पीवर ठेवलं, सावकाश, आजारी माणसाला हलवावं तसं. "अब्बांनी तुम्हाला मुलीसारखं मानलं," तो म्हणाला. "म्हणूनच खरं सांगितलं," ती म्हणाली. "खरं काय सांगितलंत? हे बिहजादचं नाही, एवढंच. कुणाचं ते तुम्हालाही ठाऊक नाही." तरी तिने प्रयत्न केला. ही सहा पानं तरी एकाच थप्पीत ठेवा, कुणाच्याही, जलालच्या ठेवा, कराचीला जाऊ देत, पण एकत्र जाऊ देत. नसीर म्हणाला, "मापं बिघडतील. तीन मोठी आहेत त्यात. आता ती नुसती पानं आहेत, बाई. मापानेच वाटणार." तिने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही. पाच पानं पुन्हा आपापल्या थप्पीत गेली. तिला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. नुसता राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तेलंगांवर काढता येत नव्हता, ते बरोबर होते. नसीरवर काढता येत नव्हता. राहता राहिला तो चितारी, ज्याला आयुष्यात एकदाही आपलं नाव चित्राच्या कोपऱ्यात लिहावंसं वाटलं नव्हतं. एवढा कानापाशी थांबायचास, मग एक ओळ लिहायला काय झालं होतं? कापडबाजारातून चालत घरी जाताना ती हे जवळजवळ मोठ्याने बोलली.

त्यानंतरचे महिने तिने वाईट शिकवलं. मुली पेरू काढायच्या, जास्वंद काढायच्या, आणि ती बाकांमधून फिरताना प्रत्येकीची रेघ वेगळी दिसायची, हिची भित्री, तिची दांडगट, आणि हे दिसणं आता तिला नकोसं व्हायचं. कशाला दिसावं? दिसून कुणाला पटवता येत नाही, आणि पटवलं तर ते भलतीकडेच जातं. उन्हाळा आला. वर्तमानपत्रं फाळणीने भरून येऊ लागली. नसीरची पानं हैदराबादेत गेली होती, जलालची कराचीला, आणि कधीतरी दुपारी वर्गात ती डोळे मिटून सहाही पानं शेजारी-शेजारी मांडायचा प्रयत्न करायची. आधी सहज यायची. मग दोन यायची नाहीत. मग घोड्याच्या पानातला कान शहजाद्याला लागायचा.

जूनमध्ये रुकय्याचा निरोप आला. तिच्या नवऱ्याचा भिंगारला दवाखाना होता, त्याच्या मागेच घर. पडद्याआड जिचं दर्शन अर्धवटच व्हायचं ती रुकय्या आपल्या घरात मोकळेपणाने समोर आली, हात धरून दमयंतीला आत घेऊन गेली. बैठकीच्या भिंतीवर, काचेत, घोडेवाल्याचं पान होतं. "माझ्या वाट्याला दुसरंच आलं होतं," रुकय्या म्हणाली. "मी भाईजानना माझी दोन मोठी पानं परत दिली नि हे मागून घेतलं. ते म्हणाले, वेडी आहेस. म्हटलं, असू दे. दमयंतीबाईंनी इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले, त्याचं एक तरी इथं राहू दे." दमयंती चित्राजवळ गेली. बांधलेला घोडा, बाजूला त्याची निगा राखणारा मोतद्दार, त्याचं बोट ओठाच्या अलीकडे. सगळं होतं. पण छातीत काही हललं नाही. तो आला नाही. इतर पाच पानं शेजारी नसताना ते एक छानसं जुनं चित्र होतं, आणि बोटाची फट म्हणजे कुंचला जरा आधी उचलला गेला असेल, असंही म्हणता आलं असतं. तेलंग हेच म्हणाले असते. ती मागे सरली. तिला रुकय्याचा राग आला, इतक्या चांगल्या मनाचा राग येतो याची लाज वाटली, आणि तरी तो जाईना. "हेच ना ते?" रुकय्याने विचारलं. "हो," दमयंती म्हणाली.

चहा आला. रुकय्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. लोक येतात, विचारतात कुणाचं चित्र. पहिल्यांदा मी सांगायची, ठाऊक नाही. तर मान हलवायचे नि चहा प्यायचे. आता मी बिहजाद सांगते." दमयंतीने कप ओठांपासून खाली घेतला. "रुकय्या, अहो, ते नाव लागू नये म्हणून तर मी..." "ठाऊक आहे मला. मी होते तिथं, सगळं ऐकलं. पण नाव सांगितलं की उठून बघायला जातात, बाई. नाही सांगितलं तर बघतसुद्धा नाहीत. मग भिंतीवर कशाला लावायचं?" एवढ्यात दवाखान्याच्या बाजूने एक म्हातारे वकील आले, डॉक्टरांचे जुने स्नेही. रुकय्याने त्यांना खुर्ची दिली, दमयंतीची ओळख करून दिली. त्यांची नजर सवयीने भिंतीवरून फिरली नि खाली आली. रुकय्या दमयंतीकडे न बघता म्हणाली, "चाचा, ते चित्र बघितलं का? बिहजादचं आहे. इराणचा."

वकील काठी टेकत उठले. काचेपाशी जाऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ काचेला लावलं. दमयंती त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. ते घोडा बघताहेत. आता झाड. आता परत घोडा. तिला उठून त्यांची मान धरून दोन बोटं डावीकडे वळवावीशी वाटली, आणि त्याच वेळी ओरडून सांगावंसं वाटलं की हे बिहजादचं नाही, उठू नका, बघू नका. चहावर साय धरली. वकील तिथेच होते. इतका वेळ हकीमसाहेबही कधी एका पानापाशी थांबले नव्हते.

"अजब आहे," शेवटी वकील म्हणाले, पाठ न वळवता. "हा माणूस बोट ओठाशी नेतोय, पण टेकवत नाही. इतका थक्क झालाय की मध्येच विसरला." ते वळले. डोळ्यांत पाणी होतं, म्हातारपणाचं किंवा काचेच्या चमकेचं. "म्हणून तो बिहजाद, बाई. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं हे?"

रुकय्या साखरेचं भांडं उगीच इकडचं तिकडे करत होती. दमयंतीच्या तोंडात सगळं तयार होतं, तडे, शाई, सहा पानं, हैदराबाद, कराची. वकील काठीवर भार देऊन तिच्या होकाराची वाट बघत उभे होते.

"बोट टेकलेलं नाही," ती म्हणाली. "ते बरोबर बघितलंत तुम्ही."